ऑक्झिंडेन रायगडावर प्रमाणपत्र द्यायला गेला नव्हता

कोरीगड (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात इथे एक लेख येऊन गेला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्रज प्रवासी तटस्थ, त्यांना दिसलं ते त्यांनी लिहिलं, आपल्या बखरी म्हणजे पदरच्या माणसांनी केलेली स्तुती, तेव्हा खरा इतिहास हवा असेल तर साहेबाच्या रोजनिशीत शोधा. पुरावा म्हणून शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचं, ईस्ट इंडिया कंपनीचा वकील ऑक्झिंडेन याने लिहिलेलं वर्णन, तेही सोयीने कापलेलं. खाली वाहवांची रांग. तिथेच लिहायला बसलो होतो, पण लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

तटस्थ म्हणे. अहो, हेन्री ऑक्झिंडेन सोहळा बघायला नाही, वसुलीला गेला होता. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरच्या बाजूने, वर स्वतःचं निशाण फडकावून तोफा डागल्या. त्याचा हिशेब महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटून आणि इंग्रजांना कैदेत टाकून चुकता केला. त्या लुटीची भरपाई पदरात पाडून घ्यायची आणि जमल्या तर व्यापाराच्या सवलती, यासाठी १६७४ मध्ये कंपनीने ही वकिली पाठवली. महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेलेले, म्हणून मंडळी पाचाडला खोळंबली. मग गड चढली. बरोबर दुभाष्या नारायण शेणवी. गडावर जे बोललं गेलं ते साहेबाला शेणव्यांनी सांगितलं तेवढंच कळलं.

म्हणून वर्णन खोटं, असं मी म्हणत नाही. हे आत्ताच लिहून ठेवतो, कारण कोणीतरी माझ्या तोंडी ते घालणारच. उलट गरजवंत माणूस बारकाईने बघतो. भाल्यांच्या टोकांवर काय होतं ते त्याने टिपलंय: मोठ्या दातांच्या माशाचं सोन्याचं मुंडकं, घोड्यांच्या शेपट्या, न्यायाची खूण म्हणून सोन्याचा तराजू. दरवाज्याशी दोन लहान हत्ती आणि दोन पांढरे घोडे होते. असल्या वाटेने हे हत्ती वर आणले कसे, हे कोडं त्याला पडलं. (पायऱ्यांनी रायगड चढलेल्या प्रत्येकाला पडतं.) हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्याला तोड नाही.

पण याच वकिलीची हकिकत डॉ. जॉन फ्रायरने आपल्या १६९८ च्या पुस्तकात घेतली. फ्रायर कंपनीचा डॉक्टर, वकिलीबरोबर तो गेलेला नव्हता. त्याच पुस्तकात कारवारकडच्या मुलखात महाराजांचे अंमलदार रयतेला कसे पिळतात तेही आहे. ते पान कोणी फलकावर छापत नाही. सोन्याचा तराजू आला की फ्रायर आणि ऑक्झिंडेन 'समकालीन साक्षीदार', कारवार आलं की 'द्वेष्टे गोरे'. हा काय प्रकार आहे? एकतर दोन्ही पानं वाचा आणि दोन्हीकडे विचारा की हा माणूस इथे कशाला आला होता आणि याला हे कोणी सांगितलं, नाहीतर दोन्ही मिटून ठेवा.

नाणेघाट

तो लेख माझा आहे. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं, मी काही चावत नाही.

एवढ्या लांबणीत एका प्रश्नाचं उत्तर मात्र नाही. त्या दिवशी गडावर हजारो आपली माणसं होती. त्यातल्या किती जणांनी हत्ती मोजून त्याच आठवड्यात कागदावर लिहिले? सभासद बखर वीसेक वर्षांनी जिंजीला लिहिली गेली, आणि त्यात सिंहासन बत्तीस मण सोन्याचं झालं. ऑक्झिंडेन काय म्हणतो? महाराजांना सोन्याने तोललं त्या तुलेत सुमारे १६,००० होन, म्हणजे सोन्याची नाणी, भरले. होन साधारण ३.४ ग्रॅमचा धरा, करा गुणाकार. चोपन्न-पंचावन्न किलो. माणसाचं वजन आहे हे! कंपनीच्या माणसाला फुगवून काही मिळणार नव्हतं. म्हणून मी तटस्थ म्हटलं. वसुलीला आलेला कारकूनच आकडा नीट लिहितो, हे तुम्हीच वर कबूल केलंय, फक्त तिरकस वाक्यात.

सासवडची माऊली

नाणेघाट, महाराजांचं वजन किलोत मांडायची ही कुठली पद्धत? थोडी लाज ठेवा.

नाणेघाट

तुला झाली, म्हणजे वजन झालंच. यात लाज कसली, माऊली?

जुन्नरचा पाव्हणा

आम्ही शिवनेरीवर पाहुणे फिरवतो, तेव्हा फ्रायरबद्दल दोन शब्द आमचेपण. हा बाबा १६७५ ला जुन्नरला आला ते मोगल सरदाराने औषधपाण्याला बोलावला म्हणून. शिवनेरी तेव्हा मोगलांकडं. जनानखान्यातली बाई आजारी. पडद्यातून हात बाहेर आला, यानं नाडी बघितली आणि सांगितलं की हिला काही झालेलं नाही. हात खरंच धडधाकट दासीचा होता! वैद्य खरा का भोंदू ते आधी बघून घेतलं, मग खरा रोगी दाखवला.

ही गोष्ट पाहुण्यांना सांगितली की हसतात. मग मी म्हणतो, बघा, साहेब आपल्याला तपासत होता तेव्हा आपली माणसंबी साहेबाला तपासत होती. मागं एक लंडनचे आजोबा आलेले, हातात छापील पुस्तक, दर दगडाशी थांबून मला विचारणार 'हे यात असं लिहिलंय, बरोबर का?' मी प्रत्येक वेळी बरोबर म्हटलं. बक्षिशी चांगली दिली. आता हे आजोबा घरी जाऊन लिहिणार की स्थानिक जाणकाराने दुजोरा दिला. तेव्हा दुभाष्याचा मुद्दा कोरीगड म्हणतात तो पटतो आपल्याला.

नाणेघाट

म्हणजे तुम्ही पैशासाठी खोटं सांगितलंत आणि दोष साहेबाचा? छान.

जुन्नरचा पाव्हणा

दोष कुणाचा ते तुम्ही ठरवा, तुम्हाला लेख लिहायचाय. मला संध्याकाळी घरी पीठ न्यायचं होतं.

तांबडा पांढरा

एवढे प्रतिसाद झाले आणि खाटकाची गोष्ट कोणीच सांगितली नाही? फ्रायरच्या पुस्तकातलं सगळ्यात चवदार पान तेच आहे राव.

गडावर या इंग्रजांना काय मिळायचं? खिचडी. डाळ-तांदूळ एकत्र, लोण्यात शिजवलेले. तो लिहितो की इथल्या लोकांना हेच पक्वान्न वाटतं आणि यावरच ते गुटगुटीत होतात. पण आमच्या व्यापाऱ्यांना चांगल्या मांसाची सवय, ते किती दिवस खिचडी गिळणार? मग मागणी केली आणि बकरं मिळायला लागलं, रोज अर्धं. शेवटी तो खाटीक, म्हातारा माणूस, एवढा गड चढून आला. कशाला? तर कैक वर्षांत विकलं नाही एवढं मटण महिन्याभरात खाणारी ही माणसं दिसतात तरी कशी, ते बघायला!

माझ्या मते सगळ्या इंग्रजी प्रवासवर्णनांवर हा एक खाटीक भारी आहे. ते आपल्याला बघायला आले आणि हा त्यांना बघायला गड चढला.

निरांजन

याचा सरळ अर्थ असा की गडावर मांसाहार नव्हताच. राज्याभिषेकासारखा धार्मिक सोहळा, गागाभट्टांसारखे विद्वान हजर, तिथे सात्त्विक अन्नच असणार. फ्रायरसारख्या परक्यानेही ते नोंदवलं आहे.

तांबडा पांढरा

घ्या! कोरीगडांनी काय सांगितलं आणि यांनी काय केलं. अहो निरांजन, खाटीक होता हो तिथे. दुकान होतं म्हणून तर विक्रीची तुलना करता आली त्याला. रिकाम्या गावात कोणी खाटीकखाना काढतं का?

निरांजन

त्याच पानावर लिहिलंय की तो गडावरच्या मोजक्या मुसलमानांना मांस विकायचा. अर्धं पान वाचायची सवय फक्त माझी नाही.

तांबडा पांढरा

वाचलंय. 'ज्यांना मांसाचा खर्च परवडत होता अशा मोजक्या' असं आहे ते. परवडत होता! भानगड पैशाची आहे, सोवळ्याची नाही. मावळात रोज मटण कोणाला जमत होतं? आमच्या आजोबांच्या वेळीसुद्धा जत्रेला आणि पाहुणा आला तरच. म्हणून आम्ही शाकाहारी झालो का?

आणि ही सात्त्विक भानगड मला पुस्तकातून कळलेली नाही. पुण्यात भाड्याने घर बघत होतो. घर पसंत, भाडं ठरलं, मालकीणबाई म्हणाल्या, 'आडनावावरून वाटलं नव्हतं, पण विचारते, खाता का?' म्हटलं खातो. बाई म्हणाल्या, 'बाहेर खाल्लंत तर आमची हरकत नाही, फक्त घरात वास नको.' हरकत नाही म्हणे! महाराजांच्या गडावर इंग्रजाला बकरं मिळालं आणि मला इमारतीत सुकट भाजायची चोरी.

निरांजन

कोणाला घर द्यायचं ते मालक ठरवतो. त्याचा राज्याभिषेकाशी काय संबंध?

आंबोळी

संबंध तुम्हीच जोडलात, सात्त्विक म्हणून. आणि वासाचं निघालंच आहे तर माझंही घ्या. मुंबईत इंग्रज पटापट मरायचे. ओव्हिंग्टन नावाचा पाद्री १६८९ साली आला होता, त्याने तिथली म्हण लिहून ठेवली: दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य. आणि कारण काय शोधलं यांनी? माडांच्या मुळाशी मासळीचं खत घालतात, त्याची दुर्गंधी! फ्रायरनेही लिहिलंय ते. डासाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, डॉक्टर रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडायला १८९७ उजाडलं. तोवर दोष आमच्या माडांना आणि आमच्या मासळीला. साडेतीनशे वर्षांत साहेब गेला, पण 'तुमच्या मासळीचा वास येतो' म्हणणारे इमारतीत अजून आहेत. तांबडा पांढरा, सुकटीला शंभर टक्के पाठिंबा.

निरांजन

पुन्हा तेच. जेवणाच्या सवयीवरून आम्हाला साहेबाच्या रांगेत बसवताय. आमच्या घरी चार पिढ्या कांदासुद्धा नाही, पण कोणाच्या ताटात डोकावलो नाही आम्ही.

आंबोळी

ताटात नाही, खिडकीतून हुंगलंत.

निरांजन

हे वैयक्तिक होतंय. मी थांबतो.

कोरीगड (धागाकर्ता)

धागा इंग्रज प्रवाशांवर होता, आठवण करून देतो. खिचडी मीच वगळली होती, कारण माहीत होतं काय होणार ते.

शेवंती

मग जरा बायकांचं ऐका. वर सगळे पुरुष प्रवासीच चाललेत.

मारिया ग्रॅहम १८०९ मध्ये मुंबईला आली, कार्ल्याची लेणी बघून पुण्याकडे गेली, १८१२ मध्ये तिची रोजनिशी छापून आली. हीच बाई पुढे चिलीत होती. १८२२ चा भूकंप तिने पाहिला आणि किनारा वर उचलला गेल्याचं लिहिलं. लंडनच्या भूगर्भवाल्या मोठ्या लोकांनी तिला खोटं पाडायचा प्रयत्न केला, पण डार्विनची निरीक्षणं तिच्याच बाजूने गेली. म्हणजे बाईची नजर कच्ची नव्हती.

आता तीच बाई चिंचवडला येते, मोरया गोसावींच्या वंशातल्या 'देवां'ना भेटते आणि काय लिहिते? डोळ्यांत चमत्कारिक झाक आहे, ती रोज देतात त्या अफूमुळे 'असं म्हणतात'. कोण म्हणतं? आणि खिडक्याखिडक्यांत गुबगुबीत भटजी. बाकी वाडा, माणसं, बसायचं आसन हे तिने पाहिलेलं. अफू मात्र ऐकीव. एकाच परिच्छेदात दोन्ही, आणि वाचणाऱ्याच्या लक्षात राहते ती अफू. कोरीगड म्हणतात ते वेगळं काढायचं काम असं करावं लागतं. पण ते 'दोन्ही पानं मिटून ठेवा' म्हणाले, ते मला मुळीच मान्य नाही.

मंगलमूर्तीवाडा

आम्ही चिंचवडचे. या बाईचं हे वाक्य इथे पुन्हा छापायची गरज होती का? दोनशे वर्षांपूर्वी एका गोऱ्या बाईने आमच्या देवस्थानाबद्दल काहीही लिहावं आणि आपण मिटक्या मारत चघळावं? याला संशोधन म्हणत नाहीत.

शेवंती

ते ऐकीव आहे हे दाखवायलाच छापलं, दादा. लपवून ठेवलं तर खरं समजून वापरणारे आहेतच.

मंगलमूर्तीवाडा

दाखवायचंच तर चांगलं दाखवा.

शेवंती

चांगलंही आहे, थांबा. फॅनी पार्क्स. ही १८३५ मध्ये फतेहगडला बायजाबाई शिंद्यांच्या छावणीत जायची. ग्वाल्हेर सुटलेलं, बाई विजनवासात, पण थाट कायम. पार्क्सबाई इंग्रजी पद्धतीने एका बाजूला पाय सोडून घोड्यावर बसायची. मराठ्यांच्या बायकांना ते बघून हसू आवरेना, हे असं लटकून बसायचं कशाला? शेवटी पार्क्सने त्यांच्यासारखी दोन्हीकडे पाय टाकून मांड ठोकली, आणि बायकांची बसायची पद्धत बदलणाऱ्या राणी एलिझाबेथच्या अकलेची कीव केली. पुढे विधवांचे हाल हा विषय निघाला, तेव्हा हिने सांगितलं की इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालेली बाई नवऱ्याची गुलामच असते. हे सगळं तिने १८५० च्या पुस्तकात स्वतः छापलं. म्हणजे सगळेच प्रवासी आपल्याला हिणवायला बसले नव्हते.

आणि नाणेघाट, 'आपल्याकडे कोणी लिहिलं नाही' हे रडगाणं पुरे. याच बायजाबाई मथुरेला यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरून निघाले आणि थेट बंडात सापडले. झाशीचा वेढा आतून पाहिला. भिक्षुक माणूस, सरकारी पगार नाही, कोणाला अहवाल द्यायचा नाही. त्यांनी लिहिलं. छापायला १९०७ उजाडलं, हा दोष लिहिणाऱ्याचा नाही.

नाणेघाट

गोडसे भटजींनी पंचवीसेक वर्षांनी आठवणीतून लिहिलं. तारखांचा घोळ आहे त्यात. ऑक्झिंडेनची तारीख मात्र पक्की, ६ जून १६७४.

लीड्सकर

पक्की, पण कुठल्या पंचांगाची? इंग्रजांनी नवीन कॅलेंडर १७५२ मध्ये घेतलं. १६७४ मध्ये ते जुन्यावर होते, नव्यापेक्षा दहा दिवस मागे. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी आजच्या कॅलेंडरने १६ जूनला येते. म्हणजे ६ जूनला आपण जो दिवस साजरा करतो तो कंपनीच्या कारकुनाच्या कॅलेंडरचा. दरवर्षी तिथीवाले आणि तारीखवाले भांडतात, त्यात हा मुद्दा कोणी काढत नाही.

सासवडची माऊली

लीड्सकर, तुम्ही तिकडे बसून आम्हाला तारीख शिकवू नका. आम्ही तिथीनेच करतो.

लीड्सकर

मग भांडण कसलं, माऊली? मी तुमच्याच बाजूचं बोललो.

इथे बसून आणखी एक दिसतं. माझ्या मुलीला शाळेत 'प्रवाशांच्या नजरेतून एखादा देश' असा प्रकल्प होता. वाचनालयात गेलो तर भारतावरच्या जुन्या पुस्तकांत सती, ठग, साप, फकीर. ब्रॉटनचं १८०९ च्या मराठी छावणीवरचं पुस्तक मी मुद्दाम मागवलं. दौलतराव शिंद्यांची छावणी, पगार थकलेले शिपाई धरणं धरून बसलेत, भावाचं कर्ज फेडायला एक मुलगी पुरुषवेषात फौजेत शिरलीय. पण लिहिणारा कोण? इंग्रज वकिलाच्या रक्षक तुकडीचा अधिकारी, छापलं १८१३ मध्ये. हे राज्य पोकळ आहे, हे लंडनला पटवणारी प्रत्येक ओळ त्याच्या साहेबांच्या उपयोगाची. पाच वर्षांत पेशवाई गेली. मुलगी म्हणाली, बाबा, हा हेर आहे का? मी म्हटलं, प्रवासी आहे. तिने प्रकल्पात हेरच लिहिलं, आणि शिक्षिकेने शेजारी प्रश्नचिन्ह काढलं.

नाणेघाट

पगार थकले होते की नव्हते? धरणं होतं की नव्हतं? हेराने सांगितलं म्हणून थकलेला पगार मिळाला असं होत नाही.

लीड्सकर

थकलेच होते. पण कंपनीच्या कुठल्या पलटणीचा कधी थकला, ते तो त्याच उत्साहाने लिहीत नाही.

कोरीगड (धागाकर्ता)

नाणेघाट, होनांचा गुणाकार मी करून पाहिला. जमतो. एवढं श्रेय घ्या आणि फ्रेम करून लावा. पण त्याच वकिलीतली दुसरी गोष्ट तुमच्या लेखात का नाही? फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचा माल परत द्या, असं कलम इंग्रजांनी मांडलं, आणि महाराजांकडून आधी उत्तर आलं की कोकणचा रिवाज तसा नाही. इंग्रजांना हे अन्याय्य वाटलं, कोळ्याला विचाराल तर तो दुसरंच सांगेल. इथे तुमचा तटस्थ साक्षीदार वादातला एक पक्ष होता. आणि शेवंतीताई, 'मिटून ठेवा' हे रागात लिहिलं होतं, एवढं कळलं असतं तुम्हाला.

शेवंती

कळलं होतं. रागात लिहिलेलंच लोक कापून फलकावर लावतात, म्हणून सांगितलं.

नाणेघाट

लेखातला 'तटस्थ' हा शब्द काढून 'हिशेबी' घालतो. शीर्षक बदलणार नाही.

कोरीगड (धागाकर्ता)

शीर्षक राहू द्याच, वाहवा त्यालाच मिळाल्यात. कारवारचं पान घालणार का ते सांगा.

नाणेघाट

घालीन. तळटीपेत.

तांबडा पांढरा

आणि खाटीक?